मॉड-जेके १.२.५०: मॉड्यूल भक्कम, पण तीन आवृत्त्यांचा मेळ आपल्यालाच घालावा लागतो

अपाची वेब सर्व्हरच्या मागे टॉमकॅट (जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) चालवायचा तर दोघांना जोडणारं मॉड्यूल लागतं. त्यासाठी आज तीन पर्याय आहेत. मॉड-जेके हे टॉमकॅट प्रकल्प वेगळं काढतो. मॉड-प्रॉक्सी-एजेपी आणि मॉड-प्रॉक्सी-एचटीटीपी ही वेब सर्व्हरच्या पोटातच येतात. हा रिव्ह्यू पहिल्याचा आहे आणि तो मुख्यतः एका अंगाने केला आहे: नवी आवृत्ती आली की ती चालत्या यंत्रणेत नीट बसते का, कुठे अडते, आणि रिलीझ काढणाऱ्यांनी त्यातलं किती ओझं स्वतः उचललं आहे.

निकाल आधीच सांगतो. मागे चार-सहा टॉमकॅट आहेत, युजरचं सेशन एकाच नोडला, म्हणजे एकाच टॉमकॅटला, चिकटून राहायला हवं, आणि एकेक नोड हळूच बाजूला काढून दुरुस्त करायचा आहे, अशा ठिकाणी मॉड-जेके आजही उत्तम आहे. ते आधीपासून चालत असेल तर काढू नका, १.२.५० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर न्या. नवी मांडणी कोऱ्या पाटीवर करत असाल तर मॉड-प्रॉक्सी-एचटीटीपी घ्या. मॉड-जेके आणि मॉड-प्रॉक्सी-एजेपी ज्या एजेपी प्रोटोकॉलने टॉमकॅटशी बोलतात त्यात एन्क्रिप्शन नाही, त्यामुळे वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यामधलं नेटवर्क पूर्ण विश्वासाचं नसेल तर एजेपीचे दोन्ही पर्याय बाद होतात.

आता मुद्द्याचं. मॉड-जेके वापरताना तीन आकडे सांभाळायचे असतात: वेब सर्व्हरची आवृत्ती, मॉड्यूलची आवृत्ती आणि टॉमकॅटची आवृत्ती. तिन्ही वेगवेगळ्या वेळी येतात आणि एकमेकांसाठी थांबत नाहीत. याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे २०२० सालचं घोस्टकॅट प्रकरण, सीव्हीई-२०२०-१९३८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीला दिलेला जाहीर क्रमांक). एजेपीचं ८००९ पोर्ट बाहेरून पोहोचण्यासारखं असेल तर कोणीही वेब ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचू शकत होतं. टॉमकॅटने फेब्रुवारी २०२० मध्ये ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० काढल्या आणि एकाच फटक्यात चार गोष्टी बदलल्या. एजेपी कनेक्टर (टॉमकॅटचा एजेपी ऐकणारा भाग) मूळ सर्व्हर.एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमध्ये बंद झाला. तो चालू केला तरी फक्त लूपबॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच मशीनपुरता, ऐकू लागला. सीक्रेट (दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला परवलीचा शब्द) देणं सक्तीचं झालं. आणि ओळखीचे नसलेले रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट आले की ४०३ (प्रवेश नाकारला) मिळू लागला.

वेब सर्व्हरच्या बाजूला काय होतं? मॉड-प्रॉक्सी-एजेपीला सीक्रेट पाठवताच येत नव्हतं. ती सोय २.४.४२ पासून आहे असं माहितीपत्रकात लिहिलं आहे, पण २.४.४२ ही आवृत्ती कधी प्रसिद्ध झालीच नाही. लोकांच्या हाती आली ती २.४.४३, एप्रिल २०२० मध्ये. म्हणजे मधल्या काळात टॉमकॅट सीक्रेट मागतोय आणि समोरच्याकडे ते द्यायला खिसाच नाही, अशी अवस्था. त्या काळात मॉड-प्रॉक्सी-एजेपीवाल्यांना टॉमकॅटमध्ये सीक्रेट-रिक्वायर्ड फॉल्स करून पोर्टला फायरवॉल लावण्याशिवाय मार्ग नव्हता. मॉड-जेके मात्र सीक्रेट कित्येक वर्षं आधीपासून ओळखत होतं. वर्करला (मॉड-जेकेच्या सेटिंगमधली एका टॉमकॅटची नोंद) एक ओळ वाढवली की काम झालं. वेगळ्या रिलीझचा फायदा तिथे स्पष्ट दिसला, कारण जोडणीची बाजू टॉमकॅट प्रकल्पाच्याच हातात आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. मॉड-प्रॉक्सी-एजेपीतली रिक्वेस्ट स्मगलिंगची (एका रिक्वेस्टच्या आड दुसरी लपवून पाठवण्याची) भोकं, सीव्हीई-२०२२-२६३७७ आणि सीव्हीई-२०२२-३६७६०, अनुक्रमे २.४.५४ आणि २.४.५५ मध्ये बुजली. वेब सर्व्हर अपडेट केला की मॉड्यूल आपोआप नवं झालं, वेगळं लक्ष ठेवावं लागलं नाही. मॉड-जेकेचं तसं नाही. स्वतः बांधून घेतलेलं मॉड-जेके-डॉट-एसओ वेब सर्व्हरच्या दहा अपडेटनंतरही तसंच राहतं. २.४ मालिकेत मॉड्यूलचा बायनरी करार टिकवलेला असल्यामुळे जुनं मॉड्यूल निमूट लोड होतं आणि कोणालाच काही कळत नाही. चालतंय म्हणून कोणी बघत नाही, हीच याची सगळ्यात मोठी अडचण.

मग चालू आवृत्ती बघायची कशी? वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये सुरू होतानाची ओळ शोधा, ज्यात 'कॉन्फिगर्ड' आणि 'रिझ्युमिंग नॉर्मल ऑपरेशन्स' हे शब्द असतात. सर्व्हरच्या नावापाठोपाठ त्याच ओळीत मॉड-जेके आणि आकडा असतो. लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी फक्त नाव दाखवते, आकडा दाखवत नाही. लिनक्सच्या वितरणातून पॅकेज घेतलं असेल तर आकड्यावरही भिस्त ठेवू नका. वितरणं जुन्या आकड्यावरच सुरक्षेची दुरुस्ती चढवतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा क्रमांक सापडतो का, हा खरा पुरावा.

रिलीझ कशी निघते हेही बघण्यासारखं आहे, कारण मॉड-जेकेवर विश्वास ठेवावा असं वाटण्याचं अर्धं कारण तिथे आहे. टॅग लावला जातो, त्यातून सोर्सची गाठोडी बनतात, प्रत्येकाला जीपीजीची डिजिटल सही आणि शा-५१२ बेरीज (फाईल जशीच्या तशी आहे का ते तपासण्याचा आकडा) जोडली जाते आणि ती मतदानाला ठेवली जातात. साधारण ७२ तास वाट बघायची, अधिकार असलेल्यांची किमान तीन होकारार्थी मतं हवीत आणि नकारापेक्षा होकार जास्त हवेत. कोणा एकाला रिलीझ रोखता येत नाही. उमेदवार गाठोड्यात दोष सापडला तर तोच आकडा दुरुस्त करून पुन्हा वापरत नाहीत, तो आकडा तिथेच सोडून पुढचा घेतात. सीव्हीई-२०१८-११७५९ ची सूचना म्हणूनच १.२.४४ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष ठरवते आणि थेट १.२.४६ घ्या म्हणते. आकडा गाळलेला दिसला की घाबरायचं कारण नाही. एकाच आकड्याची दोन वेगळी गाठोडी जगात फिरत असती तर ते फार वाईट झालं असतं.

सोर्स हेच अधिकृत रिलीझ, विंडोजसाठीच्या तयार बायनरी ही सोय. त्यामुळे दोन्ही मिळण्यामध्ये थोडं अंतर पडू शकतं, आणि दोन प्लॅटफॉर्म एकदम अपडेट करायची योजना असेल तर तेवढी सवड ठेवा. तपासणीच्या बाबतीत एक आग्रह: सहीच्या चाव्यांची की-ज नावाची फाईल प्रकल्पाच्या मुख्य डाउनलोड जागेवरून घ्या, मिररवरून (डाउनलोडच्या नक्कल साइटवरून) घेऊ नका. मिररवरचं गाठोडं आणि त्याच मिररवरची बेरीज जुळली तर फाईल वाटेत मोडली नाही एवढंच सिद्ध होतं. ती कोणी बनवली हे फक्त सही सांगते.

बांधणी सोपी आहे. गाठोडं सोडा, नेटिव्ह फोल्डरमध्ये जा, कॉन्फिगरला एपीएक्सएसचा (वेब सर्व्हरची मॉड्यूलं बांधण्याचं साधन) पूर्ण मार्ग द्या, मेक चालवा. प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतून थेट कोड घेतला असेल तर कॉन्फिगर स्क्रिप्ट तिथे नसते. आधी बिल्डकॉन्फ चालवावं लागतं आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल लागतात. रिलीझच्या गाठोड्यात ती आयती असते, म्हणून तेच घ्या. एपीएक्सएस वेब सर्व्हरच्या डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये येतं. मशीनवर दोन वेब सर्व्हर असतील तर चुकीचं एपीएक्सएस उचललं जाण्याची शक्यता मोठी. २.२ च्या एपीएक्सएसने बांधलेलं मॉड्यूल २.४ मध्ये लोडच होणार नाही. तसा एरर आला तर नशीब समजा, निदान चूक लगेच कळते.

फाईल जागेवर ठेवताना एक काळजी घ्या. चालू असलेल्या मॉड-जेके-डॉट-एसओवर तीच फाईल कॉपी करून डकवली तर इनोड (डिस्कवरची फाईलची मूळ नोंद) तोच राहतो आणि आतला मजकूर बदलतो. चालू प्रोसेसनी त्या फाईलची पानं मेमरीत जोडून घेतलेली असतात. त्यांच्या पायाखालचा कोड बदलला की सेगमेंटेशन फॉल्ट येतात, म्हणजे प्रोसेस कोसळतात, आणि तेही एकेक, वेगवेगळ्या वेळी. नवी फाईल शेजारी वेगळ्या नावाने ठेवा आणि मग नाव बदला. जुन्या प्रोसेस जुन्या इनोडवर शांतपणे संपतात. त्यानंतर ग्रेसफुल (चालू रिक्वेस्ट संपू देणाऱ्या) रीस्टार्टऐवजी वेब सर्व्हर पूर्ण थांबवून सुरू करा, म्हणजे शेअर्ड मेमरीची (प्रोसेसमधल्या सामाईक माहितीची) फाईलही नव्याने बनते.

ती फाईल नव्याने बनणं १.२.५० साठी विशेष महत्त्वाचं आहे. २०२४ मधली सीव्हीई-२०२४-४६५४४ त्याच फाईलबद्दल होती. जेके-एसएचएम-फाईलवरच्या परवानग्या सैल असल्यामुळे त्याच मशीनवरचा कोणताही स्थानिक युजर मॉड-जेकेचं कॉन्फिगरेशन वाचू आणि बदलू शकत होता. १.२.९ बीटापासून १.२.४९ पर्यंत सगळ्या आवृत्त्या यात येतात, पण फक्त युनिक्स जातीच्या सिस्टिमवर. विंडोजवरचं मॉड-जेके आणि आयसॅपी रीडायरेक्टर (मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरसाठीचं याच प्रकल्पाचं जोडणी मॉड्यूल) यातून सुटले. एकाच मशीनवर अनेक लोकांची खाती असतील तर हे अपडेट पुढे ढकलू नका. अपडेटनंतर फाईलचा मालक आणि परवानग्या स्वतः बघून घ्या. फाईल मुद्दाम वेगळ्या ठिकाणी ठेवली असेल तर त्या फोल्डरच्या परवानग्याही बघा.

अपडेट करताना खरी दमछाक होते ती १.२.४९ च्या बदलामुळे. १.२.४८ वरून थेट १.२.५० वर उडी मारणाऱ्यांनाही तो लागतोच. आधी असं होतं: जेके-ऑप्शन्समध्ये फॉरवर्ड-डिरेक्टरीज (फोल्डरच्या पत्त्यांच्या रिक्वेस्ट पुढे पाठवणारा पर्याय) चालू असेल आणि एखाद्या रिक्वेस्टला माउंट (कोणता पत्ता कोणत्या वर्करकडे जायचा हे सांगणारी ओळ) सापडला नाही, तर मॉड्यूल ती गुपचूप यादीतल्या पहिल्या वर्करकडे ढकलत असे. त्यातून नको ते वर्कर, अगदी स्टेटस वर्करही (मॉड-जेकेची स्थिती दाखवणारं आणि बदलू देणारं पान), उघडा पडू शकत होता. ही सीव्हीई-२०२३-४१०८१. उपाय म्हणून असं मूक मॅपिंगच काढून टाकलं. निर्णय योग्यच होता. पण ज्यांचं ॲप्लिकेशन नकळत त्याच आडवाटेवर चालत होतं, त्यांना अपडेटनंतर काही पानांवर ४०४ दिसू लागतात, बहुतेक वेळा फोल्डरच्या नावाने संपणाऱ्या पत्त्यांवर, जिथे इंडेक्स.जेएसपी उघडणं अपेक्षित असतं.

यावर तोडगा अपडेटच्या आधीच करायचा. सगळ्या जेके-माउंट ओळी एका कागदावर काढा. ॲक्सेस लॉगमधून गेल्या काही दिवसांचे वेगवेगळे पत्ते काढा आणि टॉमकॅटकडे जाणाऱ्या प्रत्येकाला कोणता माउंट लागू होतो ते जुळवा. एक नेहमीची चूक इथेच सापडते: '/ॲप/*' असा माउंट '/ॲप' या उघड्या पत्त्याला लागू होत नाही. दोन ओळी लिहा किंवा '/ॲप|/*' हे एकत्रित रूप वापरा. दुसरी चूक व्हर्च्युअल होस्टची (एकाच वेब सर्व्हरवरच्या वेगळ्या साइटची). मुख्य सर्व्हरमध्ये लिहिलेले माउंट व्हर्च्युअल होस्टमध्ये आपोआप उतरत नाहीत. एकतर प्रत्येक होस्टमध्ये ते लिहा किंवा जेके-माउंट-कॉपी चालू करा. स्पष्ट लिहिलेले माउंट जुन्या आवृत्तीतही तसेच चालतात, त्यामुळे हे काम आठवडाभर आधी उरकून ठेवता येतं आणि अपडेटच्या दिवशी फक्त मॉड्यूल बदलायचं राहतं.

स्टेटस वर्करचा विषय निघालाच आहे तर तो सार्वजनिक पत्त्यावर कधीही ठेवू नका. १.२.४६ मध्ये बुजवलेली चूक (वर आलेली सीव्हीई-२०१८-११७५९) नेमकी याच जागी बोचली होती. स्टेटसच्या पत्त्याला लोकेशनचे निर्बंध लावलेले असले तरी पत्त्याच्या शेवटी अर्धविराम लावला की निर्बंध बाजूला पडत आणि पान उघडत असे, कारण वेब सर्व्हर आणि मॉड्यूल यांचं पत्ता वाचण्याचं गणित वेगळं होतं. वेगळं पोर्ट, फक्त आतल्या नेटवर्कचा पत्ता आणि त्यासाठी वेगळा व्हर्च्युअल होस्ट, हीच सुरक्षित मांडणी.

टॉमकॅटच्या बाजूने जोडणी करताना जे हमखास अडतं ते आता क्रमाने नाही, वारंवारतेने सांगतो. पहिलं म्हणजे पत्ता. टॉमकॅटच्या मूळ सर्व्हर.एक्सएमएलमध्ये एजेपीचा जो नमुना कॉमेंटमध्ये असतो, त्यात पत्ता आयपीव्ही-६ चा लूपबॅक आहे, दोन कोलन आणि एक. वर्करमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलेलं असतं आणि मॉड-जेके एरवी आयपीव्ही-४ धरतं. मग लॉगमध्ये एररनंबर १११ (जोडणी नाकारली) आणि ब्राउझरमध्ये ५०३ (सेवा उपलब्ध नाही). दोन्हीकडे १२७.०.०.१ लिहा, प्रश्न मिटला. टॉमकॅट वेगळ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये असेल तर त्याचा खरा आतला पत्ता ॲड्रेसमध्ये द्यावाच लागतो.

सीक्रेटचं वागणं दोन प्रकारचं असतं आणि लक्षणावरून लगेच ओळखू येतं. टॉमकॅटमध्ये सीक्रेट रिकामं ठेवलं तर कनेक्टर सुरूच होत नाही आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये कारण शब्दांत लिहिलेलं असतं. दोन्हीकडे सीक्रेट आहे पण जुळत नाही, तर प्रत्येक रिक्वेस्टला ४०३. आणि सीक्रेट बरोबर असूनही ४०३ येत असेल तर जेके-एन्व्ह-व्हार शोधा. त्यातून पाठवलेलं प्रत्येक व्हेरिएबल हे टॉमकॅटच्या दृष्टीने अनोळखी ॲट्रिब्यूट असतं. कनेक्टरच्या अलाउड-रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूट्स-पॅटर्नमध्ये त्या नावांचं रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा. तिथे 'काहीही चालेल' असा पॅटर्न टाकून सुटका करून घेणारे बरेच आहेत. तसं करू नका, ती तपासणी मुद्दाम नेमकी ठेवलेली आहे.

मग टाइमआउट. मॉड-जेकेचा कनेक्शन-पूल-टाइमआउट सेकंदांत, टॉमकॅटचा कनेक्शन-टाइमआउट मिलिसेकंदांत. जोडी अशी हवी: इकडे ६००, तिकडे ६०००००. दोन्हीकडे ६०० लिहिलं तर टॉमकॅट अर्ध्या-पाऊण सेकंदात कनेक्शन बंद करतो आणि मॉड-जेके मेलेल्या सॉकेटवर लिहीत राहतं. पिंग-मोड 'ए' ठेवला तर रिक्वेस्ट पाठवण्याआधी सीपिंग (टॉमकॅट जिवंत आहे का, ही विचारणा) जातं आणि त्याचं उत्तर सीपॉंग आलं नाही की दुसरं कनेक्शन घेतलं जातं. पिंगची मर्यादा मुळात १०,००० मिलिसेकंद आहे, आतल्या नेटवर्कवर ती बरीच खाली आणता येते. रिप्लाय-टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अनंतकाळ वाट. त्याला तुमच्या सर्वात मंद वैध पानापेक्षा थोडा जास्त आकडा द्या. आणि तो दिला की रिकव्हरी-ऑप्शन्स ३ करायला विसरू नका. नाहीतर टॉमकॅटपर्यंत पोहोचलेली पोस्ट रिक्वेस्ट मॉड-जेके दुसऱ्या नोडवर पुन्हा पाठवतं आणि एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाते.

पॅकेटचा आकार हा कमी वेळा येणारा पण हटकून गोंधळात टाकणारा प्रकार. एजेपीचं पॅकेट मुळात ८१९२ बाइटचं. केर्बेरॉस लॉगिनचं टोकन, लठ्ठ कुकी किंवा क्लायंट सर्टिफिकेटची साखळी हेडरमध्ये आली की ते भरतं आणि ठरावीक लोकांच्याच रिक्वेस्ट फसतात. मॅक्स-पॅकेट-साइज आणि टॉमकॅटचा पॅकेट-साइज दोन्ही एकदम, एकाच आकड्यावर वाढवा. कमाल ६५,५३६. लोड बॅलन्सरमधल्या प्रत्येक वर्करला तोच आकडा हवा.

कनेक्शन-पूल-साइज मात्र लिहूच नका. थ्रेड वापरणाऱ्या एमपीएमवर (वेब सर्व्हरचा रिक्वेस्ट प्रोसेस-थ्रेडमध्ये वाटणारा भाग) मॉड्यूल तो आकडा प्रोसेसमधल्या थ्रेडांवरून स्वतः काढतं.

आयआयएसवर आयसॅपी रीडायरेक्टर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ॲप्लिकेशन पूल ३२ बिटचा असेल तर डीएलएलही ३२ बिटची हवी, जकार्ता नावाची व्हर्च्युअल डिरेक्टरी हवी, आणि आयसॅपी व सीजीआय निर्बंधांच्या यादीत डीएलएलला परवानगी दिलेली हवी. १.२.४२ किंवा जुनी आवृत्ती असेल तर आजच बदला. सीव्हीई-२०१८-१३२३ तिथपर्यंत लागू आहे.

माहितीपत्रकं चांगली आहेत, नेमकी आहेत, पण शोधताना जुन्या सूचना फार आडव्या येतात. वर्कर्स-२.प्रॉपर्टीज नावाची फाईल बनवायला सांगणारं काहीही दिसलं तर ते मॉड-जेके-२ चं आहे. ती शाखा नोव्हेंबर २००४ मध्ये बंद झाली आणि त्यातलं जे उपयोगी होतं ते १.२ मालिकेत आलं.

शेवटी ज्यासाठी हे मॉड्यूल ठेवायचं, ते नोड बाजूला काढणं. टॉमकॅटच्या इंजिनला जेव्हीएम-रूट (त्या नोडचं ओळखनाव) द्या, ते नाव आणि वर्करचं नाव अक्षरशः एक असू द्या, नाहीतर सेशन चिकटत नाही आणि युजर अधूनमधून लॉगआउट होतात. नोडची ॲक्टिव्हेशन डिसेबल्ड केली की नवी सेशन तिकडे जात नाहीत, जुनी चालू राहतात. ती ओसरली की स्टॉप्ड करा, टॉमकॅट अपडेट करा, थेट त्याच्या पोर्टवर तपासा आणि पुन्हा ॲक्टिव्ह करा. हे सगळं स्टेटसच्या पानावरून वेब सर्व्हर न थांबवता होतं, आणि मॉड-जेकेची ही बाजू खरोखर सुरेख जमली आहे. फक्त स्टेटसच्या पानावर केलेले बदल वर्कर्स.प्रॉपर्टीज या वर्करच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिले जात नाहीत. नोड बाजूला काढलेला असतानाच वेब सर्व्हर बंद करून सुरू करायचा असेल, तर आधी फाईलमध्ये त्या वर्करची ॲक्टिव्हेशन स्टॉप्ड लिहा. नाहीतर सुरू होताच तो अर्धवट अपडेट झालेल्या टॉमकॅटकडे रिक्वेस्ट पाठवू लागेल.